उपकार सांगितल्याशिवाय भात नाही

आमच्या घरी देवाचे उपकार मानल्याशिवाय भाताच्या टोपावरचं झाकण निघत नसे. हा नियम चर्चचा नव्हता, आईचा होता, त्यामुळे चर्चपेक्षा कडक होता. संध्याकाळी रोझरीची प्रार्थना संपली की आल्तारासमोर, म्हणजे भिंतीतल्या एका लाकडी फळीसमोर, आम्ही गुडघे चोळत बसून राहायचं आणि प्रत्येकानं त्या दिवसाचा एक उपकार मोठ्यानं सांगायचा. कालचा आज चालत नसे. सूर्य उगवला, वारा सुटला असल्या ठोक मालाला आई नाक मुरडायची. "सूर्य सगल्यांनाच उगवते. तुना काय मिललं ता सांग."

साठच्या दशकातल्या आमच्या तारोडी गावात रोज नवा उपकार शोधून काढणं म्हणजे वाळूतून तेल काढण्यातला प्रकार होता. रेशनवर लाल मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी घशाखाली उतरली हाच उपकार, पण तो एकदा वापरून झाला की संपला. एकदा मी चर्चमध्ये मिस्सानंतर वाटल्या जाणाऱ्या दूध पावडरीबद्दल अमेरिकेचे उपकार मानले. आई म्हणाली, "अमेरिकेला बुद्धी कोणी दिली?" त्यावर थोरल्या बहिणीनं विचारलं, "मग पावडरीत किडे पण त्यानंच टाकले का?" तिला चपराक बसली. दुसऱ्या दिवशी तिनं चपराक डाव्या हाताची होती याबद्दल देवाचे उपकार मानले, आणि आईला ते चालवून घ्यावे लागले.

या कामात घरात सगळ्यात पटाईत होते बाबा. "फादरांचं प्रवचन आज आखूड झालं, देवा, तुझे उपकार." "बायकोचा भाऊ जेवाला येनार व्हता, न्हाय आला, तुझे उपकार." आई झारा उगारायची, पण हसायची. उपकार खरा असावा एवढीच तिची अट होती, आणि हे अगदी खरे असत.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी बाबांचे उपकार अचानक बंद पडले.

आमची भातशेती खाडीला लागून, खारीत, म्हणजे खाऱ्या जमिनीत, होती. खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा बांध, आणि बांधात पाणी सोडायला एक उघाडी, म्हणजे लाकडी फळीचा दरवाजा. भरतीला फळी खाली, ओहोटीला वर. उधाणाच्या दिवसांत खारीतल्या पाचसहा घरांपैकी एकेकानं पाळीपाळीनं तिथे बसायचं आणि फळीवर लक्ष ठेवायचं. बाबांची पाळी आली ती नेमकी वांद्र्याच्या मावलीच्या, म्हणजे प्रभूच्या आईच्या, जत्रेच्या रविवारी. भात फुलोऱ्यात होतं आणि पीक चांगलं येऊ दे म्हणून मेणबत्ती लावायचा बाबांचा नवस होता. त्यांनी पहाटे फळी ठोकून बसवली, दुपारच्या भरतीआधी परत येतो म्हणाले आणि गेले. जत्रेत नवसाला वाहायचे मेणाचे हात मिळतात, पाय मिळतात, अख्खं घरसुद्धा मिळतं. मेणाचं भात कुठे मिळेना, म्हणून त्यांनी सगळ्यात जाड मेणबत्ती घेतली आणि ती लावायला रांगेत उभे राहिले. रांग काही सरकेना. इकडे भर दुपारी उधाणानं फळी उचलली आणि समुद्र आत आला. बाबा संध्याकाळी आमच्यासाठी खाऊचा पुडा घेऊन परतले तेव्हा खारीत फक्त शेंडे दिसत होते.

भात मेलं नाही. उभं राहिलं, पण लोंब्यांत दाणाच भरला नाही. आमच्या एकट्याच्या नव्हे, सगळ्या खारीच्या.

पाळी कोणाची होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी चकार शब्द काढला नाही. शेजारचे काका तेवढे जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुंपणावरून म्हणाले, "जत्रंला गर्दी व्हती काय रं?" बाबा "हाव" म्हणाले आणि घरात येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. कोणी चार शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी आठ दिल्या असत्या आणि मोकळे झाले असते. पण भांडायला कोणी येतच नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "माझा काय न्हाय."

"काय तरी असंल," आई म्हणाली.

"मावलीसाठी मेणबत्ती घेऊन रांगेत उबा राहिलो, आन मागून तिच्या पोरानं समुद्र सोडला. कसला उपकार?"

मला ते पटलं होतं. मीही अंथरुणात देवाला विचारलं की एवढा अख्खा समुद्र तुझा, तुला आमच्याच खारीत पाय धुवायचे होते का?

भात थंड होत चालला होता. शेवटी आईनं आपल्या पद्धतीनं तोडगा काढला. तिनं सगळ्यांना वाढलं, बाबांनाही वाढलं, आणि स्वतःचं ताट पालथं घालून ठेवलं. "तुमचा उपकार येल तवा मी रातचं जेवन." बाबा म्हणाले, "नको जेवू." आणि ती खरंच जेवली नाही. दुपारी खायची तेवढंच. दिवसभर मासळी सुकवायची, पाणी भरायची, आणि रात्री पालथं ताट. तिची पोलकी सैल व्हायला लागली. बाबा ताटातलं अर्धं टाकून उठायचे. आम्ही बहिणी रोज नवनवे उपकार इमानानं सांगायचो आणि मनातून दोघांवर चिडायचो, कारण हट्टात दोघं सख्खी भावंडं शोभली असती. पाणी आणताना आई कळशी वाटेत टेकवायला लागली तसा मला तिच्या नियमाचा राग यायचा, आणि त्याहून जास्त भीती वाटायची.

ऑक्टोबरात आगेरा आला. आगेरा म्हणजे नव्या पिकाचा सण. गावाबाहेरच्या क्रूसापाशी सगळे आपापल्या भाताच्या पेंढ्या घेऊन जमतात आणि बँड वाजवत त्या चर्चमध्ये नेतात. त्या सकाळी बाबा खारीत गेले, पोचट लोंब्यांची पेंढी कापून आणली आणि तिला आमच्या रिबिनींतली लाल रिबीन बांधली.

"ह्ये काय?" आई म्हणाली.

"त्यानं दिलं ता त्याला. चोलून बगू दे."

आईनं कपाळा-छातीवर क्रूसाची खूण केली आणि आमच्या वेण्या जरा जास्तच ओढून घातल्या.

क्रूसापाशी टेकडीकडच्या लोकांच्या पेंढ्या दाण्यांनी वाकल्या होत्या. खारीतले लोक रिकाम्या हातानं एका बाजूला उभे होते. बाबा त्यांच्यासमोर ताठ मानेनं ताठ पेंढी घेऊन आले. शेजारच्या काकांनी पुढे होऊन एक लोंबी तोडली, तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. हात रिकामा झाला. आता होऊन जाऊ दे, अशा चेहऱ्यानं बाबा उभे होते. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते खारीकडे चालायला लागले. परत आले ते स्वतःच्या पोचट लोंब्यांची पेंढी घेऊन. "आमचं पन ने," ते म्हणाले. "एकल्याचं बरं न्हाय दिसत." मग बाकीचेही गेले. बँडवाले खोळंबले.

फादर गावात नवीन होते, शहरात वाढलेले. आमच्या पेंढ्या पाहून ते इतके खूश झाले की सांगायची सोय नाही. "किती ताठ, किती डौलदार!" म्हणत त्यांनी त्या आल्तारावर सगळ्यात पुढे मांडायला लावल्या आणि त्यांच्यावर सढळ हातानं पवित्र पाणी शिंपडलं. खारीतल्या लोकांची सगळी बाकं तोंडात पदर आणि रुमाल कोंबून हसत होती. बाबांचेही खांदे हलत होते. मी हसत हसत वर पाहिलं, तर ते हसत नव्हते.

संध्याकाळी रोझरी झाली. बहिणीनं बँडबद्दल उपकार मानले, मी फादरांबद्दल. बाबांना विचारायचं आईनं केव्हाच सोडलं होतं. तिनं झाकणाला हात घातला.

"थांब," बाबा म्हणाले. "पाली माझी व्हती. फली सोडून मीच गेलतो. खारीतल्या एका पन घरानं मना ता तोंडावर सांगलं न्हाय. त्यांचे उपकार."

"देवाचे सांगाचे असतात," बहीण म्हणाली. "त्यांचे न्हाय."

"चालंल," आई म्हणाली. तिनं झाकण काढलं, आपलं पालथं ताट सुलटं केलं आणि बाबांच्या ताटाशेजारी मांडलं.