अडतीसचा ब्लाउज

माझ्याकडे कपडे शिवायला येणारी प्रत्येक बाई आधी खोटं बोलते. फोनवर छातीचं माप विचारलं की चार-सहा इंच गिळूनच सांगते. म्हणून मी विचारणं सोडलं. घरी बोलावते, कॉफी देते, टेप लावते आणि आकडा मनातच ठेवते.

हा धंदा मी सिंगापुरात सुरू केला, तो निव्वळ संतापानं. नवऱ्याच्या नोकरीमुळे तिथं गेले. एकदा दुकानात कुर्ता बघायला हात पुढं केला, तर काउंटरवरची पोरगी लांबूनच ओरडली, “तुमच्या मापाचं नाही!” अजून मी हँगरला शिवलेसुद्धा नव्हते. दुसऱ्या दुकानात सगळं ‘फ्री साईज’. ते माझ्या एका दंडात अडकलं. माझ्या मापाचे म्हणून जे मिळायचे, ते तांदळाच्या पोत्याला बाह्या लावल्यासारखे. का हो? जाड बाईला कंबर नसते? तिला लाल रंग आवडत नाही? घरी आले, जेवायच्या टेबलावर मशीन मांडलं आणि स्वतःसाठी लालभडक कुर्ता शिवला. बसमध्ये एका बाईनं विचारलं, कुठून घेतला. ती माझं पहिलं गिऱ्हाईक.

तंजावूरला फोन करून अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, आनंदानं सांगितलं. ती म्हणाली, “अय्यो, चार लोकांत काय सांगू? बहीण लठ्ठ बायकांचे कपडे शिवते म्हणून?” त्या दिवसापासून ती सगळ्यांना सांगते, माझं तिथं बुटीक आहे.

मागच्या वर्षी अक्काच्या मुलीचा साखरपुडा होता, म्हणून गेले. राजवाड्यामागच्या बोळातलं तिचं घर पाहुण्यांनी भरलेलं. भाची माझ्याच वळणावर गेलेली, उंच, भरलेली, हसरी. पण या वेळी हसत नव्हती. आदल्या संध्याकाळी सगळे जेवायला बसलो, तर अक्कानं तिच्या पानातली दुसरी इडली आपल्या हातानं उचलून घेतली. “पुरे. उद्या साडी नेसायची आहे.” तिचा मामा हसत म्हणाला, “आमची गुंडू!” गुंडू म्हणजे लठ्ठ, पण आमच्या तंजावुरात हे म्हणे लाडानं म्हणतात. माझ्या लहानपणीही लाडानंच म्हणायचे. तो लाड मी पुष्कळ भोगलाय. मी माझ्या पानातली इडली तिच्या पानात ठेवली. तिनं ती खाल्ली नाही.

आमच्यात साखरपुड्याला मुलाकडचे साडी आणतात. लग्नपत्रिका वाचून झाली की मुलीनं आत जायचं, ती साडी नेसून बाहेर यायचं, तोवर सगळा मंडप वाट बघत बसतो. मुलाकडचे कुंभकोणचे, आपल्यातलेच, तंजावुरी मराठी. त्यांनी हौसेनं ब्लाउजही शिवून आणला होता. डाळिंबी रंगाची साडी, तसलाच ब्लाउज. भाचीला घेऊन मी आतल्या खोलीत गेले.

बाही कोपराच्या वर सरकेना. ओढूनताणून चढवला, तर पुढचे हूक आठ बोटं लांब राहिले. पोरीनं दोन्ही हात छातीवर घट्ट बांधले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “मावशी, मी बाहेर येणार नाही. लग्नच नको मला.” बाहेर नादस्वरम्, आमच्याकडची सनई, वाजायला लागलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, काय माणसं आहेत! अजून मुलगी घरात आली नाही, आणि तिला कापून आपल्या मापाची करायला निघाले? आजच बाहेर जाऊन विचारते त्या बाईला, सून हवी की हँगर? मी दाराकडे निघालेसुद्धा. दारात अक्का उभी.

“हळू बोल,” ती म्हणाली. “माप मीच कळवलं होतं.”

“किती कळवलंस?”

“अडतीस.” मग भराभर म्हणाली, “दोन महिने होते ना मध्ये. वाटलं, तोवर उतरेल. मागितलं त्यांनी, खरं कसं सांगायचं? मोडलं असतं तर?”

आपलंच नाणं खोटं! परक्या दुकानातली पोरगी निदान तोंडावर तरी ओरडली. इथं आईनंच लेकीला सहा इंच कापून परक्यांच्या हाती दिली, आणि वर तिच्या पानातली इडली उचलली. मी तोंडाला येईल ते बोलले. अक्का रडायला लागली. भाची मात्र वळून आईकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

भांडायला पुढं जन्म पडलाय, मंडप थांबणार नव्हता. सुईदोरा आणि कात्री माझ्या पिशवीत असतातच. ब्लाउजच्या दोन्ही कुशी उसवल्या. आत माया सोडलेलीच नव्हती, शिंप्यानं कापड शिवणीपर्यंत कापलेलं. दुसरं कापड कुठून आणू? कोपऱ्यात पाहुण्यांना द्यायच्या तांबूलाच्या पिशव्या होत्या. विडा, नारळ आणि एकेक ब्लाउजपीस. या ब्लाउजपीसांचाही मला जन्माचा राग. वर्षानुवर्षं प्रत्येक घरी हळदीकुंकवाला हातात ठेवतात, माझा एकही ब्लाउज त्यात कधी झाला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा त्यातला एक उपयोगी पडला. हाताला आला तो हिरवा निघाला. त्याच्या लांब पट्ट्या काढल्या आणि बाहीपासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंनी कच्चे टाके घालून जोडल्या. हूक लागले. पोरीनं मोकळा श्वास घेतला, तो मला ऐकू आला.

अक्कानं डोळे पुसून तिच्या खांद्यावरून पदर ओढला. “हात वर करू नकोस हं. हिरवं दिसेल.”

ती बाहेर गेली. मुलाच्या आईनं तिच्या गळ्यात हार घालायला हात उंचावले, आणि हिनंही हार नीट करायला दोन्ही हात वर केले. चांगले खांद्याच्या वर. हिरवी पट्टी पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत दिसली असेल. अक्का पदर सारखा करायला धावली. पोरीनं तिचा हात बाजूला केला.

मुलाची आई गोंधळली. “अगंबाई, हे हिरवं काय? शिंप्यानं घोळ घातला वाटतं.”

“शिंप्याची चूक नाही, आत्याबाई,” भाची म्हणाली. वाद्यं तेवढ्यात थांबली होती, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. “त्याला माप खोटं कळवलं होतं. लग्नाच्या ब्लाउजसाठी खरं लिहून घ्या. छाती चव्वेचाळीस.”

माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत इतक्या मोठ्यानं आकडा कुणी सांगितलेला नाही. मुलाच्या आईनं पिशवीतून फोन काढला आणि त्यात लिहीत विचारलं, “बरं. आणि दंडाचा घेर?”

ते पोरीला ठाऊक नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं, मीही टेप लावला नव्हता.

“सतरा,” मागून अक्का म्हणाली. “कंबर अडतीस. बाही अकरा.”

एकेक आकडा बरोबर होता. रात्री मी टेप लावून पाहिला. सगळं अक्काला तोंडपाठ होतं, पहिल्यापासून.