मुकादमाचा एक शब्द

गोदामातल्या मुकादमाच्या तोंडी एक शब्द कायम असे: अंगचोर. पन्नास किलोचं पोतं कोण पाठीवर घेतो आणि कोण नुसता हात लावतो, हे त्याला लांबून कळे. तो स्वतः वीस वर्षं पोती वाहून मुकादम झालेला, त्यामुळे उलट बोलायची कुणाची टाप नव्हती.

मधुमेह निघाला तेव्हा त्याने फारसं मनावर घेतलं नाही. पण वर्षभरात वेगळंच सुरू झालं. सकाळी एक बूट घालून तो अर्धा तास तसाच बसून राही. पोत्यांची थप्पी वाकडी लागली तरी बोलावंसं वाटेना. त्याने मनाशी निकाल लावला: आपणच अंगचोर झालो, आता काम सोडायचं.

"सोडा, पण आधी दवाखान्यात चला," बायको म्हणाली आणि घेऊनच गेली.

डॉक्टरबाईंनी झोप, भूक, मन, सगळं विचारलं. "मधुमेह आणि नैराश्य, हे दोन आजार पुष्कळदा जोडीने येतात," त्या म्हणाल्या. "साखर वाढलेली राहिली की अंगात बारीक दाह धुमसत राहतो, तो मेंदूलाही बाधू शकतो. मन खचलं की ताणाचं संप्रेरक वाढतं, आणि ते साखर आणखी चढवतं. उपचार दोन्हींवर करू."

"म्हणजे हा आळस नाही?"

"आळशी माणूस असं विचारायला येत नाही हो."

बायकोला हायसं वाटलं. मुकादमाला मात्र शिडी आठवला. थप्पीच्या टोकाला हात पोचणारा हमाल, म्हणून शिडी. चार वर्षांपूर्वी तो सारखा पाणी प्यायला जाई, लघवीला जाई, नाहीतर पोत्यांवर सुन्न बसे. मुकादमाने त्याला सगळ्यांदेखत अंगचोर म्हणून टोळीतून काढलं होतं. पुढे त्यालाही साखर निघाल्याचं कानावर आलं होतं.

रविवारी तो शिडीच्या घरी गेला. शिडी दाढी वाढवून दारात बसला होता.

"या मुकादम. आता कुणाला काढताय? इथे मी एकटाच आहे."

"साखरेची गोळी घेतोस?"

"बायको देते म्हणून."

"मन लागतं कशात?"

"अंगचोराला कसलं आलंय मन?"

"तो शब्द चुकला माझा," मुकादम म्हणाला. "मलाही तेच झालंय." डॉक्टरबाईंचं बोलणं त्याने जमेल तसं सांगितलं. संप्रेरक म्हणताना दोनदा अडखळला.

शिडीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमचा राग नाही आला कधी. मला ते खरंच वाटलं. चार वर्षं मी स्वतःला तेच म्हणतोय."

मुकादम म्हणाला, "उद्या नऊला येतो. दवाखान्यात जाऊ."

"आणि उठलोच नाही तर?"

"तर दारात बसेन."

सोमवारी मुकादम नऊला आला आणि पायरीवर बसला. आतून हाक नाही, हालचाल नाही. त्यानेही हाक मारली नाही. सव्वादहाला शिडी चपला घालून बाहेर आला.

"एवढ्यानेच दमलो," तो म्हणाला.

"माहीत आहे," मुकादम म्हणाला. दोघं सावकाश चालू लागले.