सहीसाठी उभी

मनुरेवा उपनगरातल्या क्लिनिकमध्ये पप्पांच्या पायाचं ड्रेसिंग करायला मी त्यांना रोज नेत असे. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी एक बाई रोज तिथे भिंतीला टेकून उभी असायची. पेनरोज भागातल्या मालाच्या डेपोत खोकी उचलताना तिची पाठ गेली होती. अकरा वर्षं याच क्लिनिकने तिला मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. नव्या डॉक्टरने तिला न तपासता त्या एका दिवसात बंद केल्या. तेव्हापासून तिची झोप गेली आणि हात थरथरू लागले.

"बसा ना, ताई," पप्पा म्हणाले.

"बसवत असतं तर इथे कशाला आले असते, काका?"

तिच्या हातात अर्ज होता: गोळ्या हळूहळू कमी करा, नाहीतर बंद का केल्या ते लिहून द्या.

ती अशी उभी राहू लागल्याच्या आठव्या दिवशी तो डॉक्टर बाहेर आला. "तुमच्या काळजीपोटीच बंद केल्या," तो म्हणाला.

"मग तेच लिहा आणि सही करा."

तो सही न करताच आत गेला. ज्या काळजीखाली सही करता येत नाही, तिला मी हलगर्जीपणाच म्हणणार.

पप्पांनी खिशातलं पेन काढलं, तिच्याकडून अर्ज मागून घेतला आणि डॉक्टरने सही नाकारल्याचे साक्षीदार म्हणून खाली स्वतःची सही केली.