खाज दहापैकी किती?

"ॲटॉपिक डर्माटायटिस," डॉक्टर म्हणाले. मग शाळेतल्या पोराला सांगावं तसं, "म्हणजे एक्झिमा. कातडी कोरडी पडते, सुजते, खाजते. एकाचं दुसऱ्याला होत नाही. पण कमीजास्त होत राहणार, वर्षानुवर्षं."

वर्षानुवर्षांची गोष्ट एका दमात उरकून ते पुढच्या प्रश्नाला लागले. "आत्ता खाज किती आहे? शून्य ते दहामध्ये सांगा."

मी बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या लॅबमध्ये काम करते. आलेल्या दुधाची फॅट आणि डिग्री, म्हणजे दाटपणा, मोजते. टँकरवाला "मॅडम, दूध झकास हाय" म्हणाला म्हणून मी आकडा टाकत नाही. दूध यंत्रात घालते. आणि इथे भिंतभर प्रमाणपत्रं लावलेला माणूस मलाच विचारत होता, तुम्हीच सांगा किती. मला हसू आलं.

सकाळची वेळ, एसी चालू, अंगाला खोबरेल चोपडलेलं. त्या घटकेला खाज खरंच फारशी नव्हती. "दोन," म्हटलं.

त्यांनी माझ्या मानेवरचे आणि कोपराच्या खळीतले लाल चट्टे टेबलापलीकडूनच पाहिले. "माइल्ड आहे." माइल्ड म्हणजे सौम्य. एक मलम, एक गोळी, "टेन्शन घेऊ नका", पुढचा पेशंट.

सौम्य! ज्याला हे सौम्य वाटतं त्याला ऐन उन्हाळ्यात एक दिवस माझी कातडी घालायला द्यायला हवी.

खाज संध्याकाळी यायची. दिवसभर साबणाने, जंतुनाशकाने धुतलेले हात, डोक्याला घट्ट टोपी, मशीनची वाफ. ड्यूटी संपवून स्कूटीवरून जळोचीला घरी येईपर्यंत मान पेटलेली असायची. मी स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेला मनगट घासायचे. कंगव्याने कोपर खाजवायचे. कढत पाणी ओतून घ्यायचे. त्याने क्षणभर स्वर्ग आणि नंतर दुप्पट आग. झोप तुकड्यातुकड्यांत. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आकडे डोळ्यांपुढे तरंगायचे आणि साहेब म्हणायचे, "लक्ष कुठंय मॅडम?"

तुमच्यापैकी कुणाला हा आजार असेल तर सल्ले देणारेही भेटले असतील. आमच्या गल्लीतले तात्या म्हणाले, "रगत नासलंय तुजं. वांगं सोड." हे तात्या स्वतःची शुगरची गोळी आठवड्यातून दोनदा विसरतात. एकीने कडुलिंबाचा पाला वाटून लावायला लावला. चट्ट्यांतून पाणी यायला लागलं, तर म्हणे विष बाहेर पडतंय. नवरा सोमेश्वरनगरला साखर कारखान्यात आहे, रोज जाऊन-येऊन. त्याचा सल्ला सगळ्यांत थोर. "खाजवू नको ना." जणू मी हौसेने खाजवत होते.

याचा कळस झाला इंदापूरला, माझ्या माहेरी.

भावाला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. बारसं ठरलं. नाव कानात सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या मी एकटीच. नाव मीच सुचवलं होतं, जुई. लांब बाह्यांचा ब्लाउज शिवून घेतला, मानेवर पदर घेतला. पण मांडवात गर्दी, उकाडा. खाज अशी उसळली की पदराखालून माझा हात मानेवर कधी गेला ते मलाच कळलं नाही. पाळण्यावर वाकले आणि वहिनीच्या आईने पाळण्याची दोरी ओढून धरली.

"आक्का, थांबा. लहान जीव हाय. तुमचं ते लागंल तिला."

"मावशी, हे लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डाक्टरला काय जातंय सांगायला? पोर आमची हाय."

मी भावाकडे पाहिलं. तो केळीच्या पानांकडे बघत होता, आयुष्यात पहिल्यांदाच केळीची पानं दिसल्यासारखा. वहिनीच्या बहिणीने पुढे होऊन जुईच्या कानात कुर्र केलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, घुगऱ्या वाटल्या. एका बाईने मला द्रोण दिला तोही हाताला हात लागू नये म्हणून खाली ठेवून.

"नाव तेवढं मी सुचवलेलं चाललं," मी भावाला म्हणाले. "ते धुऊन घेतलं होतं का?" आणि बारामतीची एसटी पकडली.

त्यानंतर दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, ते भांडायच्याच तयारीने. या बाई होत्या, वयाने माझ्याहून लहान. त्यांनी आधी दोन्ही हात हातात घेतले, कोपर दुमडून बघितलं, केस वर करून मान बघितली. आणि मग त्यांनीही तेच विचारलं. शून्य ते दहा.

माझं डोकंच फिरलं. "मॅडम, मी दुधाची फॅट दुधाला विचारून लिहीत नाही. तुमच्याकडे यंत्र नसेल तर तसं सांगा."

"नाहीच आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "खाज रक्तात दिसत नाही, फोटोत दिसत नाही. चट्टा एवढासा आणि माणूस बेजार, असंही असतं. तुम्ही सांगाल तेवढंच मला कळणार. चिडून सांगितलंत तरी चालेल, पण माझा प्रश्न पूर्ण ऐका. आत्ताची नाही विचारत. गेल्या चोवीस तासांत सगळ्यांत वाईट खाज किती होती? शून्य म्हणजे अजिबात नाही. दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही अशी."

पहिल्यांदाच कुणीतरी मला धड प्रश्न विचारला होता.

"नऊ," मी म्हणाले.

"दहा का नाही?"

"दहा बारशात येऊन गेली."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला सगळं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "याला मॉडरेट टू सिव्हिअर म्हणतात. मध्यम ते तीव्र. मलम तुम्ही फार थोडं लावत होतात, आणि तेही चुकीच्या ताकदीचं." चट्टे तेच होते. प्रश्न बदलला आणि सौम्य आजार तीव्र झाला. पहिल्या डॉक्टरांच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्रांची मला मनापासून कीव आली.

औषध बदललं. अंघोळ कोमट पाण्याची, अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, म्हणजे कातडीतला ओलावा धरून ठेवणारं मलम. रबरी हातमोज्यांच्या आत सुती हातमोजे. थोड्या दिवसांनी गोळ्या सुरू झाल्या, त्यासाठी रक्ताच्या तपासण्या, तासन्तास बाकड्यावर वाट बघणं. आणि रोज संध्याकाळी दिवसातल्या सर्वांत वाईट खाजेचा एक आकडा.

नवऱ्याला ही गंमत वाटली. जेवताना विचारायचा, "आज किती?" मी म्हणायचे, "आठ." तो मान डोलवायचा, पगारवाढीची बातमी ऐकावी तशी. पण एकदा मी "आठ" म्हटल्यावर तो उठला आणि माझ्या हातातली भांडी घेऊन स्वतः घासायला बसला. 'खाजवू नको' हे वाक्य आमच्या घरातून कधी गेलं, कळलंच नाही.

आकडा उतरला. सरळ नाही, सहावर आला, पुन्हा आठवर गेला, मग पाच. आता बहुतेक दिवस दोन-तीन असतो. शून्य होत नाही, आणि कायमचा शून्य करून देतो म्हणणाऱ्याच्या दारात मी उभी राहत नाही. भाऊ एक दिवस जुईला घेऊन आला, आणि तिला माझ्या मांडीवर ठेवलं. मी तिला घेते, पापे घेते. तिच्या आजीशी बोलत नाही, आणि तसा विचारही नाही.

परवा तपासणीला गेले होते. शेजारी एक वयस्कर आबा बसले होते, पायमोज्यात किल्ली घालून घोटा खाजवत. बायको वैतागलेली. "एवढासा चट्टा हाय, बगा. आन् दिसभर निस्तं खाजवत बसत्यात. कामाचा कटाळा, दुसरं काय?"

आबांनी ओशाळून किल्ली खिशात टाकली.

"आबा," मी म्हणाले, "आत आकडा विचारतील. लाजू नका. कालपासूनची सगळ्यांत वाईट खाज आठवा आणि तीच सांगा."

"हिच्यासमोर?"

"ह्यांच्यासमोरच."

दोघं आत गेले. पडद्याआडून डॉक्टरांचा प्रश्न ऐकू आला. मग आबांचा आवाज, खोल गेलेला. "नऊ."

आणि त्यानंतर त्यांच्या बायकोचा, अगदी बारीक झालेला. "व्हय? मग बोलला न्हाईत कदी?"