घरचं गिऱ्हाईक

रत्नागिरीच्या मासळीबाजारात तिसऱ्या ओट्यावर बसणाऱ्या बाईकडून मी बारा वर्षं मासे घेते, पण तिचं नाव कधी विचारलं नाही. मी दिसले की ती सुरी आपटून विचारते, "बाई, साहेबांनी आज किती देऊन धाडलंय?" मी शिक्षिका, पगार माझा, कार्ड मात्र ह्यांच्या खिशात असतं, हे तिला कुठून कळलं देव जाणे.

तिचा नवरा बोटीवर खलाशी. पूर्वी घरात पैशाचा डबा एकच होता, तो त्याने गुत्त्यावर रिकामा केला. तेव्हापासून त्याचे त्याच्याकडे, हिचे हिच्याकडे.

परवा तो ओट्यापुढे येऊन उभा राहिला. "चार बांगडे दे."

"दोनशे."

"घरच्या माणसाला?"

"घरच्याच माणसाने डबा पुसलान."

त्याने पैसे दिले आणि बांगडे परत तिच्याच टोपलीत टाकले. "संध्याकाळी तिखलं कर."

"मसाल्याचे वेगळे," ती म्हणाली. त्याने पुन्हा खिशात हात घातला.

मला हसू आवरेना. तिने सुरमई उचलून माझ्यापुढे धरली. "हसताय काय, बाई? घेताय, का साहेबांना विचारताय?"

ह्यांचा नंबर काढलेला फोन माझ्या हातातच होता.