अन्नपूर्णा म्हणू नका

शकुअक्का गेल्याचा फोन ऑफिसात आला. त्यांची भाची गिरिजा एवढंच म्हणाली, "अक्का गेल्या... सकाळी पेपर वाचता वाचता." रडू आलं, ते यायचंच होतं. राग आला तो आठवड्याभरानं, पुण्याच्या एका पुरवणीतला मजकूर वाचून. काही वर्षांपूर्वी इथे बंगळूरला विज्ञानकथा संमेलन झालं होतं, त्याच्या संयोजकांनी तो लिहिला होता. नाव घेत नाही, घेतलेलं त्यांना आवडेल. त्यात अक्कांच्या एकाही कथेचा उल्लेख नव्हता, पण त्यांच्या बिसिबेळे भाताचा होता. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'विज्ञानकथेची अन्नपूर्णा हरपली'. हा लेख मी त्या रागात लिहिते आहे. ज्यांना हळुवार काही वाचायचं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

मी नागपूरची. नोकरीसाठी बंगळूरला आले आणि मल्लेश्वरमला अक्कांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहिले. घरमालकीण मराठी आहे म्हणून आईला हायसं वाटलं होतं. पण ही मराठी निराळीच! अक्कांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आले ते इथलेच झाले. मी ट्रंक उचलून आत निघाले तर म्हणाल्या, "स्वल्प बस की गं. सामान कुठं पळून जातंय?" त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, तेही कन्नडमधून. घरात मराठी, आणि कथा मराठीत. "कन्नडमध्ये लिहिलंत तर निदान शेजारी वाचतील," असं मी एकदा शहाणपणानं सुचवलं. त्यावर म्हणाल्या, "ज्या भाषेत घरात भांडते, त्याच भाषेत लिहिणार की." त्यांच्या एका कथेत शंभर वर्षांनंतरचं बंगळूर होतं. सगळी तळी बुजवून वर इमारती उभ्या राहिलेल्या, आणि त्यांच्या तळघरांत उरलेल्या बेडकांना हवामान खात्यानं पगारी नोकरीवर ठेवलेलं, कारण पाऊस केव्हा येणार हे सांगणारं दुसरं कुणी शिल्लकच नव्हतं. दिवाळी अंकात ती छापून आली तेव्हा मी हसून हसून बेजार झाले. अक्का मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "हसू नको. आपल्या सांकी टँक तळ्याचं काय व्हायलंय, जाऊन बघ."

संमेलन बंगळूरला घ्यायचं ठरलं तेव्हा पुण्या-मुंबईच्या मंडळींना इथलं कुणीतरी हवं होतं. ते अक्कांकडे आले. भाषणासाठी अक्कांचं नाव कार्यक्रमपत्रिकेत घातलं आणि जेवणाची व्यवस्थाही त्यांच्याच गळ्यात घातली. यजमान गावातल्या बाईनं जेवणाचं बघायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं. ठरवावं लागतं हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. तिथे जमणारे लोक प्रकाशवर्षांच्या गप्पा मारणारे! अक्कांनी कन्नडमधला होकार दिला, "सरी, आचारी लावते, मी लक्ष ठेवते. पण भाषणाचं नक्की की?" "अहो, म्हणजे काय!" असं उत्तर मिळालं.

भाषणाचा विषय होता, 'अंतराळयानात स्वयंपाक कोण करतं?' त्यासाठी अक्कांनी मिळतील तेवढ्या मराठी विज्ञानकथा पुन्हा वाचून काढल्या. यंत्रं प्रेमात पडतात, माणसं काळात मागेपुढे जातात, पण तीनशे वर्षांनंतरच्या शास्त्रज्ञालाही चहा आणून देते ती बायकोच. "लेखकांनी गुरुत्वाकर्षण घालवलं, बायकोच्या हातातला ट्रे काही घालवता आला नाही," हे वाक्य त्यांनी मला ओट्यापाशी उभं राहून कितीदा तरी म्हणून दाखवलं. त्या घाबरल्या होत्या. वर्गात एवढी वर्षं बोललेली बाई, पण मराठी माणसांनी भरलेल्या सभागृहात मराठीतून बोलायची ती पहिलीच वेळ. "माझं बोलणं ऐकून हसतील का गं?" असं विचारायच्या. त्यांना मानपान नको होता. आपण मराठी लेखिका आहोत, हे मराठी माणसांनी एकदा आपल्या तोंडून ऐकावं, एवढंच हवं होतं.

जेवणाच्या आधीचं शेवटचं भाषण त्यांचं होतं. आधीचे वक्ते आपापली वेळ उलटून बोलतच राहिले, प्रमुख पाहुणे मानवजातीच्या भवितव्यावरून हलेनात, पण त्यांना कुणी आवरलं नाही. अक्का उभ्या राहिल्या. सुरुवातीला आवाज कापत होता. मग ते ट्रेचं वाक्य आलं आणि सभागृह खरोखर हसलं. त्यांच्या बोलण्याला नाही, त्यांच्या म्हणण्याला. अक्कांचे खांदे सैल झालेले मला मागच्या रांगेतून दिसले. आणि तेवढ्यात संयोजक व्यासपीठावर चढले, माइकपाशी वाकले आणि हात जोडून म्हणाले, "अक्कांचं भाषण छानच रंगलंय. पण आचारी विचारतोय, पानं कधी मांडायची? आता अक्काच इथे उभ्या राहिल्या, तर आपल्याला जेवायला कोण घालणार?"

लोक पुन्हा हसले, पहिल्यापेक्षा जोरात. अंतराळयानात स्वयंपाक कोण करतं, याचं उत्तर भर सभेत मिळालं होतं आणि एकाही विद्वानाच्या ते लक्षात आलं नाही! आजही आठवलं की कानशिलं तापतात. अक्का "सरी" म्हणाल्या, पदर खोचला आणि खाली उतरल्या. मी संयोजकांना गाठलं, "जेवणानंतर त्यांना पुरं करू द्या." ते म्हणाले, "अहो, जेवणानंतर लोकांना यशवंतपूर स्टेशनावर गाड्या पकडायच्यात." तोवर अक्का वाढायला लागल्याही होत्या. प्रत्येक पानापाशी "भात काय झालाय, अक्का!" म्हणून वाहवा चालली होती. भाषणाबद्दल बोलायला कुणाचं तोंड रिकामं नव्हतं.

परतताना रिक्षात मी धुमसत होते. अक्का म्हणाल्या, "मला राग आला नाही असं समजू नको. पण रागानं भात करपवला असता, तर त्यांनी तेवढंच लक्षात ठेवलं असतं."

"आणि चांगला केलात म्हणून?"

"तरी तेवढंच," त्या म्हणाल्या.

संयोजकांनी त्या पुरवणीत अक्कांचं हे भाकीत तंतोतंत खरं करून दाखवलं.

पण म्हणून अक्का गप्प बसल्या नाहीत, हे त्या पुरवणीच्या वाचकांनाही कळलं पाहिजे. पुढच्याच रविवारी त्यांनी घरच्या पुढच्या खोलीत सतरंजी घातली आणि गिरिजाला, मला आणि गल्लीतल्या चार बायकांना बसवून ते भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. मग दर महिन्याला तिथे आमची बैठक भरू लागली. कुणी कथा वाचायचं, कुणी नुसतंच कल्पनेतलं एखादं यंत्र सांगायचं. लग्नानंतर मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बनशंकरीला राहायला गेले, तरी बैठक चुकवली नाही. अक्कांनी नंतर लिहिलेल्या सगळ्या कथा आधी त्या सतरंजीवर वाचल्या गेल्या. त्या छापून आल्या आहेत. वाचायची तसदी घ्यावी.

अक्का गेल्यानंतरची पहिली बैठक गेल्या रविवारी झाली. त्यांचं तेच भाषण गिरिजानं वाचायचं ठरलं होतं. आम्ही बसतोय तोच संयोजक दारात हजर. कामानिमित्त बंगळूरला आले होते, भेटून जावं म्हणाले. हातात त्यांच्या लेखाचं कात्रण होतं. ते खुर्चीत टेकले, अक्कांच्या फोटोला नमस्कार केला, थोडे गहिवरलेही. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत म्हणाले, "जरा कॉफी मिळाली तर..."

गिरिजा सवयीनं उठू लागली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "आत दूध आहे, डिकॉक्शन काढून ठेवलंय," मी म्हटलं. "या खोलीत ज्याला कॉफी हवी असते तो उठून करतो, आणि सगळ्यांसाठी करतो. अक्कांचा नियम आहे."

त्यांना ही थट्टा वाटली. ते हसले. आम्ही कुणीच हसलो नाही. ते एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिले, मग उठले आणि आत गेले. डब्यांची झाकणं वाजू लागली.

गिरिजानं पहिलं वाक्य वाचलं, "मंडळी, अंतराळयानात स्वयंपाक कोण करतं?"

"साखर कुठे ठेवलीय हो?" आतून आवाज आला.

 गिरिजानं दुसरं वाक्य वाचायला घेतलं.