छतावर न सापडलेले दगड

बंगल्याच्या पत्र्यावर मी अर्धा तास गुडघ्यांवर फिरत होतो. मे महिना होता, सकाळीच पत्रा चटके देत होता. दगडांनी पडलेले पोचे शोधायचे आणि ठोकून सरळ करायचे, एवढंच मला सांगितलं होतं. पण एकही पोचा सापडत नव्हता.

खालून भाऊसाहेबांनी विचारलं, "किती ठिकाणी ठोकावं लागेल, मिस्त्री?"

"कुठंच न्हाई. दगडबी न्हाई अन् पोचाबी न्हाई."

"उताराचं छत आहे. दगड घरंगळून खाली गेले असतील."

दगड घरंगळतो, पोचा घरंगळत नाही. हे मी त्यांना सांगितलं. ते आत निघून गेले.

वालूरच्या बाहेर भाऊसाहेबांची जिनिंग होती, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना. मी तिथं फिटर होतो. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. भाऊसाहेबांनी नवा बंगला बांधला आणि थंड हवेची सोय केली. मागच्या ओसरीत मोठा पंखा, त्याच्यापुढं वाळ्याचे भिजवलेले पडदे आणि ती गार हवा दोन खोल्यांत नेणारी पत्र्याची चौकोनी नळी. तिला डक्ट म्हणतात. ती लाकडी छत आणि वरचा पत्रा यांच्यामधून जायची. हैदराबादच्या एका ठेकेदारानं ती बसवली होती. वीज जिनिंगच्या इंजिनावर चालणाऱ्या डायनॅमोची. दुपारी इंजिन सुरू केलं की पंखा फिरायचा.

त्याच दुपारच्या वेळी छतावर धाडधाड आवाज व्हायला लागले. भाऊसाहेबांच्या आईंना छातीचा त्रास होता. प्रत्येक आवाजाला त्या दचकायच्या. भाऊसाहेबांनी ठरवलं की सटवाजी धनगर दगड मारतो. कारण काय, तर बंगल्यामागून ओढ्याकडं जाणारी बकऱ्यांची वाट त्यांनी भिंत घालून बंद केली होती आणि सटवाजीनं त्यांना विचारलं होतं, "मालक, आता जनावरं पाण्याला कुठून नेऊ?"

एवढाच पुरावा. एवढ्यावर सटवाजीला हवालातीत टाकलं आणि त्याच्या बकऱ्या कोंडवाड्यात घातल्या. मी पत्र्यावर चढलो तो त्याचा चौथा दिवस होता.

खाली उतरलो तर फाटकाशी त्याची बायको गंगाबाई बसलेली.

"मिस्त्री, तुमी वर गेलते. दगड घावले का?"

"न्हाई घावले."

"मंग त्यास्नी सोडा मनावं की. कोंडवाड्यात शेळ्या येगळ्या बांधल्यात अन् करडं येगळी. चार दिस झाले, करडं दुधावाचून वरडायलीत. मी लय हात जोडले. आत जाऊ देईनात."

मी बंगल्यातच थांबलो. दुपारी इंजिन सुरू झालं, पंखा फिरला आणि डोक्यावर धाडकन आवाज झाला.

"ऐकलंत?" भाऊसाहेब म्हणाले.

"ऐकलं. पण सटवाजी तर हवालातीत हाय."

"त्याचे भाऊबंद आहेत ना बाहेर."

मला राग आला तो तिथं. माणूस आत असताना दगड पडले, तर तो निर्दोष ठरावा. यांच्या हिशेबानं त्याचे भाऊही दोषी ठरत होते.

मी आईसाहेबांना विचारलं, "पंखा बंद असताना आवाज येतो का?"

त्यांनी थोडा विचार केला. "नाही. सकाळी सगळं शांत असतं."

मी छताची फळी सरकवून वर शिरलो. डक्टवर हात ठेवला आणि खाली गड्याला पंखा बंद करायला लावला. हाताखालचा पत्रा धाडकन आत बसला. पंखा लावला, तो धाडकन बाहेर आला.

गोष्ट साधी आहे. तेलाच्या रिकाम्या डब्याच्या सपाट बाजूवर अंगठा दाबा, टक्क होतं. सोडा, पुन्हा टक्क. डक्टचा पत्रा रुंद आणि पातळ होता. आत हवेचा दाब वाढला की तो फुगायचा, कमी झाला की बसायचा. आमचं इंजिन एकसारखं चालत नव्हतं, म्हणून पंख्याचा वेग खालीवर व्हायचा आणि आवाज अवचित यायचे. दगड पडल्यासारखे. ठेकेदारानं जाड पत्रा वापरला असता आणि त्याला तिरप्या घड्या मारल्या असत्या, तर सटवाजी घरी असता.

हे सगळं मी भाऊसाहेबांना वर चढवून दाखवलं. त्यांना पटलं. चेहऱ्यावर दिसलं.

"ठीक आहे. आजच दुरुस्त करा. चौकीचं मी बघतो."

"आधी चौकीतल्या जमादाराला ऐकवू."

"त्याची काय गरज?"

"दुरुस्ती झाली की आवाज गेला. मग सटवाजीनं काय दाखवायचं?"

"मिस्त्री, तुम्ही नोकरी कुणाची करता?"

"तुमची. म्हणून तुमच्या घरात बोलायलोय, बाजारात न्हाई."

हत्यारं तिथंच ठेवून मी चौकीवर गेलो. जमादार चहा पीत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मालकांचा निरोप आहे का?" नव्हता. मग तो जागचा हलला नाही. चार दिवस माणूस आत, आणि तो बाहेर येण्यासाठी निरोप लागतो त्याला आत घालणाऱ्याचाच. मी परत आलो आणि आईसाहेबांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी बोलावलंय म्हणून सांग."

जमादार लगेच आला. त्याला मी अंगणात उभं केलं, छत दिसेल असं. पाच वेळा पंखा लावला, पाच वेळा बंद केला. दहा आवाज झाले. छतावर चिमणीसुद्धा नव्हती.

आईसाहेब दारात येऊन उभ्या राहिल्या. "हाच तो आवाज. इतके दिवस मी हाच ऐकते आहे. त्या धनगराचं नाव मी घेतलं नव्हतं, यानं घेतलं."

जमादारानं कागद मागितला. भाऊसाहेबांनी लिहिलं की फिर्यादी दयाबुद्धीनं तक्रार मागे घेत आहे.

"दया कसली?" मी म्हणालो. "चूक झाली असं लिहा."

जमादारानं कागदाची घडी घातली. "मिस्त्री, माणूस सुटतोय ना? मग कागदाशी भांडू नका."

सटवाजी संध्याकाळच्या आत सुटला. तो घरी न जाता थेट कोंडवाड्यावर गेला. दोन करडं मेली होती. तिसरं गंगाबाईच्या मांडीवर होतं, तेही मान धरत नव्हतं. सटवाजीनं मला एवढंच विचारलं, "पत्रा वाजायलाय हे कळायला इतके दिस लागतात का?" मी म्हणालो, अर्धा तास लागतो.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. डक्टचे तुकडे उतरवले. प्रत्येक पत्र्याला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी घडी मारली, त्यानं पत्रा ताठ राहतो. मधे लोखंडी पट्ट्या रिव्हेट केल्या. पंखा आणि डक्ट यांच्यामधे किंतानाची, म्हणजे जाड कापडाची, बाही जोडली, म्हणजे पंख्याची थरथर पुढं जात नाही. खोलीतली तोंडं अरुंद होती, त्यातून हवा शिटी मारायची, ती रुंद केली. आवाज गेला.

भाऊसाहेब गावात सांगत राहिले की पोलिसांत दिल्यावर दगड थांबले. लोकांनाही ते खरं वाटलं, कारण दगड खरोखरच थांबले होते. भिंत तशीच राहिली. पुढच्या हंगामात मला जिनिंगवर बोलावणं आलं नाही. पुढं मी येलदरीच्या धरणाच्या कामावर लागलो.

तुमच्या घरात डक्ट वाजत असेल तर आधी पंखा बंद करून ऐका, मग पत्र्यावर हात ठेवा. आणि त्या आवाजापायी कुणी आत बसला असेल, तर हातोडी उचलायच्या आधी साक्षीदार बोलवा. चांगली दुरुस्ती पुरावा शिल्लक ठेवत नाही.